खोली मिळेल का?

जूनचा दुसरा आठवडा होता. पावसाचा पत्ता नव्हता आणि नाशिकरोडच्या गल्ल्यांतून आम्ही दोघं स्कूटरवर खोली शोधत हिंडत होतो. मनमाडच्या माझ्या जुन्या मित्राचा मुलगा इथल्या कॉलेजात प्रवेश घेऊन आला होता. त्याचे आजोबा रेल्वेत खलाशी होते, वडील एका शाळेत शिपाई. ‘तुझ्या ओळखीनं एखादी खोली बघून दे,’ एवढंच मित्र फोनवर बोलला होता. मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

पहिल्या घरी वरच्या मजल्यावरची खोली होती. बाई बोलायला गोड होत्या. पाणी सकाळी तासभर येतं, डिपॉझिट दोन महिन्यांचं, रात्री दहानंतर फाटक बंद, मित्रमंडळी आणायची नाहीत. पोरानं सगळ्याला मान डोलावली. जिना उतरताना बाईंनी मागून विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” त्यानं सांगितलं. “बरं, ह्यांना विचारून कळवते हं.” फोन काही आला नाही. दुसऱ्या घरी एक वयस्कर गृहस्थ भेटले. आडनावावरून त्यांचा अंदाज लागला नसावा, कारण त्यांनी आधी गाव विचारलं, मग गावातली गल्ली विचारली. गल्ली कळल्यावर त्यांच्या अचानक लक्षात आलं की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे.

तिसऱ्या घराचा मालक तरुण होता. त्यानं पोराला नाव विचारलं आणि पोरानं स्वतःचं नाव सांगून त्याला माझं आडनाव जोडलं. मी शेजारीच उभा होतो. तो माझ्याकडे बघत नव्हता. मालकानं माझ्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, “काका-पुतणे का? मग काय प्रश्न नाही.” मी गप्प राहिलो. हजार रुपये टोकन दिलं. खोली मिळाली.

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, “काका, भाडेकराराला आधार कार्ड लागतं ना?”

त्या रात्री मी कपाटातून बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ बाहेर काढलं. हे पुस्तक 1963 मध्ये आलं. त्यातल्या शीर्षककथेची सुरुवात नेमकी इथूनच होते. नव्या गावी नोकरीवर रुजू झालेला एक तरुण भेटलेल्या माणसाला विचारतो, खोली मिळेल का? आणि समोरचा त्याला जात विचारतो.

1. विहितगाव

हा लेखक आमच्या गावचा. नाशिकरोडहून देवळाली कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वालदेवीच्या काठी विहितगाव लागतं. नाशिकरोडच्या बिटको चौकातून ‘कॅम्प, कॅम्प’ ओरडत निघालेल्या शेअर रिक्षात बसलं की थोड्याच वेळात तिथं उतरता येतं. गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. खोली शोधायच्या त्या आठवड्यानंतर मी मुद्दाम एका रविवारी तिथं गेलो. मळ्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत आणि जागोजागी ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लटकतात. मी त्या पाट्यांखालून चालत गेलो आणि मनात एकच हिशोब चालू होता, यातल्या किती दारांवर आडनाव विचारलं जाईल?

बाबुराव रामजी बागूल यांचा जन्म 17 जुलै 1930 चा. ही तारीख नाशिककरांनी जरा थांबून वाचावी अशी आहे. त्याच वर्षी 2 मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. गावोगावहून हजारो माणसं नाशकात उतरली, मोठी मिरवणूक पंचवटीत गेली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. सत्याग्रही दारांपाशी बसून राहिले. 9 एप्रिलला रामनवमीचा रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. भाऊराव गायकवाड म्हणजे आमचे दादासाहेब, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास अशा माणसांनी हा लढा पुढं वर्षानुवर्षं चालवला. दारं उघडली नाहीत. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

तेव्हा विहितगावचा हा पोर पाच वर्षांचा होता. पंचवटीपासून काही मैलांवर, एका दलित घरात तो वाढत होता. त्याच्या बालपणाची पाच वर्षं म्हणजे एका बंद दारासमोर बसलेल्या माणसांची पाच वर्षं. पुढं त्यानं आयुष्यभर जे लिहिलं ते मला त्याच दाराच्या उंबऱ्यावरून लिहिल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की त्याच्या कथांमधली दारं देवळाची फार थोडी आहेत. ती चाळीची आहेत, कारखान्याची आहेत, शाळेची आहेत, स्वयंपाकघराची आहेत.

2. लेबर कॅम्प

दहाव्या वर्षाच्या सुमारास बाबुराव मुंबईत नातेवाइकांकडे राहायला गेले. पत्ता होता माटुंगा लेबर कॅम्प. धारावीला लागून असलेली ही वस्ती म्हणजे महाराष्ट्राच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या दलित माणसांचा गोतावळा. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिकेची सफाई, जिथं हाताला काम मिळेल तिथं माणूस जायचा आणि रात्री कॅम्पात परतायचा.

या वस्तीत दोन झेंडे होते, निळा आणि लाल. एका बाजूला आंबेडकरी चळवळीच्या सभा, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्टांचे अभ्यासवर्ग. अण्णा भाऊ साठे यांच्या सुरुवातीच्या शाहिरीशी याच वस्तीचं नाव जोडलेलं आहे. एका पोरानं दिवसा शाळेत जावं, संध्याकाळी एका कोपऱ्यावर बाबासाहेबांविषयी ऐकावं आणि दुसऱ्या कोपऱ्यावर मार्क्सविषयी, रात्री बत्तीच्या उजेडात गॉर्की वाचावा, असं हे विद्यापीठ होतं. फुले, आंबेडकर आणि मार्क्स ही तीन नावं बागुलांच्या विचारात पुढं कायम शेजारी शेजारी राहिली, त्याचं मूळ इथं आहे.

या शेजाराचा आणखी एक धागा आमच्या जिल्ह्यात सापडतो आणि तो त्या मनमाडच्या पोराच्या आजोबांपर्यंत जातो. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी कामगारांना त्यांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात असं त्यांना म्हणायचं नव्हतं, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती त्यांना अभिप्रेत होती. पुढं चळवळीतल्या अनेकांनी दोनपैकी एक शत्रू निवडला. बागुलांनी दोन्ही शत्रू शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवले. त्यांच्या कथेतला माणूस जातीनं जेवढा मारला जातो तेवढाच भुकेनंही, आणि कुठला मार कशाचा हे वेगळं काढता येत नाही.

शाळा संपल्यावर त्यांनी मिळतील त्या नोकऱ्या केल्या, अंगमेहनतीची कामं केली. हे 1968 पर्यंत चाललं. त्यानंतर त्यांनी पूर्णवेळ लेखनच करायचं ठरवलं. मधल्या काळात रेल्वेच्या नोकरीनं त्यांना सुरतेकडे नेलं होतं. तिथं राहायला जागा मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. ते अपमानाचं जिणं त्यांना फार काळ सोसलं नाही. नोकरी सोडून ते मुंबईला परतले आणि त्या अनुभवातून मराठी कथेचा रस्ता बदलणारी गोष्ट जन्माला आली.

3. उधन्याची गोष्ट

ती गोष्ट सुरतेजवळच्या उधन्यात घडते. निवेदक तरुण आहे, शिकलेला आहे, कवी आहे, नव्या स्वतंत्र देशाचा नागरिक असल्याच्या कैफात आहे. रणछोड नावाच्या माणसाकडे तो खोलीची चौकशी करतो आणि रणछोड त्याला जात विचारतो. तो उत्तर देतो ते मुंबईचं. मी मुंबईचा, लढणाऱ्या मुंबईचा, असं काहीसं भरगच्च बोलून तो प्रश्न टोलवतो. समोरच्याला जात कळत नाही, पण हा कुणी वरचाच असणार असं तो गृहीत धरतो. म्हणजे निवेदक धडधडीत खोटं बोलत नाही. समोरच्या माणसाचा गैरसमज तो दुरुस्त करत नाही, एवढंच.

नाशिकरोडच्या त्या तिसऱ्या घरात मी हेच केलं होतं. म्हणूनच बहुधा इतक्या वर्षांनी ही कथा परत वाचताना मला रणछोडपेक्षा निवेदकाच्या गप्प राहण्याचाच जास्त त्रास झाला.

पुढं रामचरण तिवारी हा सहकारी त्याला कवितेतला गुरू मानतो, घरी जेवायला नेतो. ताटावर बसलेला निवेदक प्रत्येक घासाला घाबरतो. आदर मिळतो आहे, तोही खराखुरा, पण तो आपल्याला नाहीच, आपण पांघरलेल्या कुणा दुसऱ्याला मिळतो आहे हे त्याला कळतं. जात चोरणाऱ्याला शिव्या तर बोचतातच, पण प्रेमही बोचतं. अपमानावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. खोट्या नावानं मिळालेल्या मायेचं ओझं इतक्या बारकाईनं लिहिणारा दुसरा मराठी लेखक मला माहीत नाही.

याच कथेत काशिनाथ सपकाळे आहे. तोही तिथंच नोकरीला, त्याच जातीचा. तो जात लपवत नाही. जवळ सुरी बाळगतो आणि कुणी वाकडं बोललं की उसळतो. त्याची नोकरी टिकत नाही. निवेदकाचं बिंग फुटल्यावर रामचरण आणि बाकीचे त्याला बेदम मारतात, तेव्हा धावून येतो तो काशिनाथ. आणि शेवटी काशिनाथ विचारतो, तू मार का खाल्लास? तेव्हा निवेदक त्या माणसांना दोष देत नाही. त्याच्या लेखी मारणारा मनू आहे, हात फक्त त्यांचे होते.

या शेवटाबद्दल मी विद्यार्थ्यांशी अनेकदा बोललो आहे. दरवेळी वर्गात दोन तट पडतात. काहींना हे उत्तर फार मोठं वाटतं, मारणाऱ्यालाही माणूस म्हणून वाचवणारं. काहींना वाटतं, यात मारणारे सुटतात. मला वाटतं बागुलांनी दोन्ही माणसं एकाच पानावर उभी केली, सुरी घेतलेला आणि मार खाल्लेला, आणि वाचकाला निवड करू दिली नाही. काशिनाथ नसता तर निवेदक मेला असता, आणि निवेदक नसता तर काशिनाथची सुरी कुणावर आणि कशासाठी हे सांगायला कुणी उरलं नसतं.

4. आरशासारखी नसलेली भाषा

1963 साल मराठी कथेच्या दृष्टीनं कसं होतं, हे आठवलं पाहिजे. नवकथा रुजली होती. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी कथेला माणसाच्या मनात खोल उतरवलं होतं. दलित लेखन त्याआधीही होतं. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ 1959 मध्ये आली होती, शंकरराव खरात आणि बंधुमाधव लिहीत होते. पहिलं दलित साहित्य संमेलन 2 मार्च 1958 ला मुंबईत झालं होतं. काळाराम सत्याग्रह सुरू झाला तीच ही तारीख. पण ‘गोलपिठा’ आणि दलित पँथर यायला 9 वर्षं होती आणि ‘बलुतं’ यायला 15.

त्या मधल्या काळात बागुलांचा संग्रह आला. ‘विद्रोह’मध्ये सफाई कामगाराचा शिकलेला मुलगा बापाच्या जागेवर लागायला नकार देतो आणि बापाची काकुळती व मुलाचा संताप एकमेकांवर आदळतात. ‘काळोखाचे कैदी’मध्ये गावच्या देशमुखाच्या मरणानंतर त्यानं ठेवलेल्या बाईच्या मागे त्याचाच मुलगा लागतो. ‘वाटेवरची’मधली शरीर विकणारी बाई आजारी लेकराकडे गावी जाण्याच्या पैशासाठी तगमगते. ‘गुंड’मध्ये ज्याला सगळी वस्ती घाबरते त्या राक्षसासारख्या माणसाच्या काळजाला एका बाईचं दुःख भिडतं.

आणि ‘बोहाडा’. ही कथा आम्हा नाशिककरांना वेगळी वाचता येते, कारण बोहाडा म्हणजे काय हे आम्हाला सांगावं लागत नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे उन्हाळ्याच्या रात्री देवदानवांचे मुखवटे चढवून मशालींच्या उजेडात सोंगं नाचतात. सोंग कुणी घ्यायचं याचे मान गावात ठरलेले असतात. बागुलांच्या कथेत एक महार देवाचं सोंग घ्यायचा हक्क मागतो आणि गावाच्या पायाखालची जमीन सरकते. लहानपणी मीही बोहाडा पाहिला आहे. संबळ वाजत असतो, मुखवट्यामागचा माणूस घामानं निथळत असतो आणि नाचून झाल्यावर लोक त्याच्या पायाही पडतात. मुखवट्यामागे कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पडतात. बागुलांनी नेमकी तीच फट पकडली. मुखवट्याला नमस्कार चालतो, मग त्यामागचा माणूस कोणता चालतो आणि कोणता चालत नाही?

या कथांच्या भाषेविषयी तक्रार करणारे पूर्वीपासून आहेत. बागूल भडक लिहितात, विशेषणांचा ढीग रचतात, पात्रं घरातल्या भाषेत न बोलता व्यासपीठावरून बोलल्यासारखी बोलतात, असं म्हटलं जातं. तक्रार अगदीच खोटी नाही. त्यांच्या काही पानांवर वीज, ज्वालामुखी, अंधार आणि रक्त एवढ्या वेळा येतात की वाचक दमतो. नंतरच्या दलित लेखकांनी वस्तीची बोली जशीच्या तशी कागदावर आणली. बागुलांचं निवेदन मात्र प्रमाण मराठीत, संस्कृत शब्दांनी लगडलेलं आहे.

मला स्वतःला त्यामागे एक हट्ट दिसतो. ज्या भाषेत पुराणातल्या राजांची वर्णनं होतात, देवांच्या आरत्या होतात, त्याच भारदस्त भाषेत झोपडपट्टीतल्या बाईचं दुःख लिहायचं, असा तो हट्ट. लेबर कॅम्पातल्या माणसाला त्यांनी महाकाव्याच्या नायकाचं माप लावलं. म्हणून ती भाषा आरशासारखी समोरचं हुबेहूब दाखवत नाही, समोरच्याला मोठं करते. जिथं हे साधतं तिथं कथा अंगावर येते. साधत नाही तिथं नुसता आवाज उरतो. एवढा धोका पत्करणारा लेखक कधीतरी पडणारच. बागूल पडले तेही उंचावरूनच.

5. कथांकडून कादंबऱ्यांकडे

1969 मध्ये ‘मरण स्वस्त होत आहे’ हा कथासंग्रह आला आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाचा हरि नारायण आपटे पुरस्कार त्यांना मिळाला. मधे 1967 मध्ये ‘आकार’ हा कवितासंग्रह येऊन गेला होता.

‘मरण स्वस्त होत आहे’मधली ‘आई’ ही कथा मी एका वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली होती. गोष्ट शाळेतच सुरू होते. गुरुजी आईवरची कविता शिकवत असतात, वर्ग भारावलेला असतो आणि पांडू नावाच्या पोराला आपली आई आठवते. पण वस्तीतली पोरं त्याला त्याच आईवरून चिडवतात, तिचं नाव मुकादमाशी जोडतात. नवऱ्याच्या संशयाखाली तरुणपण जाळलेली, विधवा झालेली, पोरासाठी राबणारी ही बाई. तिच्याही देहाला भूक आहे हे कथा सांगते आणि शेवटी मुलगा ते पाहून पळत सुटतो. वाचन संपल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तिला कुणीच विचारलं नाही, तुला काय हवंय.” साठच्या दशकात एका पुरुषानं लिहिलेल्या कथेला यापेक्षा मोठी दाद मी ऐकलेली नाही.

हाच प्रश्न 1970 च्या ‘सूड’मध्ये त्यांनी अधिक मोठ्या कॅनव्हासवर नेला. आकारानं ही छोटी कादंबरी. देहविक्रीच्या जगात वाढलेली जानकी ही तिची नायिका. बाईपणामुळे वाट्याला आलेलं सगळंच झुगारून द्यायला ती निघते, वैराग्याची वाट धरते. सूड कुणा एका पुरुषावर घ्यायचा नाही, स्त्रीचा नुसता देह करणाऱ्या सगळ्या रचनेवर घ्यायचा आहे हे तिला हळूहळू उमगत जातं. दलित साहित्यात स्त्रीचा प्रश्न फार उशिरा आला असं सहज बोललं जातं. तसं बोलणाऱ्यांनी ‘सूड’चं साल पाहावं.

नंतर ‘पावशा’, ‘अघोरी’, ‘अपूर्वा’, ‘सरदार’, ‘भूमिहीन’, ‘मूकनायक’, ‘कोंडी’ अशी पुस्तकं येत राहिली. ‘अघोरी’ 1983 ची आणि ‘कोंडी’ 2002 ची, म्हणजे पहिल्या कथासंग्रहानंतर जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस लिहीत होता. तरी आपल्या वाचकांनी त्यांना पहिल्या दोन संग्रहांतच थांबवून ठेवलं आहे. वाचनालयात ‘जेव्हा मी जात चोरली होती’ मिळतं, ‘कोंडी’ मागितलं की शोधाशोध सुरू होते. हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, आपापल्या वाचनालयात ही कादंबऱ्यांची नावं मागा. चार जणांनी मागितली की पाचव्यासाठी पुस्तक फडताळात येतं.

लेखनाइतकंच त्यांनी विचारांचंही काम केलं. 1972 मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांची दलित पँथर उभी राहिली तेव्हा बागूल त्यांच्यासाठी थोरल्या भावासारखे होते. त्याच वर्षी महाडला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. चवदार तळ्याच्या गावी हा मान मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ‘आम्ही’ हे नियतकालिक त्यांनी चालवलं आणि ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ हे पुस्तक लिहिलं. दलित साहित्याचा केंद्रबिंदू माणूस आहे, हे त्यांनी परत परत मांडलं. ते साहित्य एका जातीचं आहे असं म्हणणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, जातीनं माणूसपण काढून घेतलं, ते परत मागणारं साहित्य जातीचं कसं असेल?

6. जनस्थान

उत्तरायुष्यात बागूल नाशिकला परतले. आणि 2007 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं त्यांना जनस्थान पुरस्कार दिला.

हा पुरस्कार 1991 पासून वर्षाआड, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाला, 27 फेब्रुवारीला दिला जातो. पहिले मानकरी विजय तेंडुलकर होते. पण बागुलांना तो मिळण्यात नाशिकचं एक वर्तुळ पुरं झालं. कुसुमाग्रज म्हणजे आमचे तात्यासाहेब शिरवाडकर तरुणपणी काळाराम सत्याग्रहात सामील झाले होते. ज्या दारासमोर ते अस्पृश्यांच्या बाजूनं उभे राहिले, त्या दाराबाहेर ठेवलेल्या समाजातलं एक मूल त्या लढ्याच्या पहिल्याच वर्षी विहितगावात जन्मलं होतं. 77 वर्षांनी तात्यासाहेबांच्या नावाच्या संस्थेचा सन्मान त्याच मुलाच्या हातात आला.

आणि त्या पुरस्काराचं नाव जनस्थान. रामायणातलं या परिसराचं हे जुनं नाव. या शब्दाचा साधा अर्थ घ्या, जनांचं स्थान, लोकांची जागा. बागुलांचं सगळं लेखन याच शब्दावरचा प्रश्न आहे. उधन्यात खोली शोधणारा, लेबर कॅम्पातल्या झोपडीत राहणारा, ‘मैदानातील माणसे’मध्ये थंडीच्या रात्री उघड्यावर पडलेला, बोहाड्यात सोंगाची जागा मागणारा, या सगळ्यांना एकच हवं आहे, उभं राहायला हक्काची जागा. कुणाच्या मेहेरबानीची नको, खोट्या नावाची नको.

पुढच्याच वर्षी, 26 मार्च 2008 ला, नाशिकमध्येच बागूल गेले. इथल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला, तो नव्या कथाकाराच्या पहिल्या पुस्तकाला दिला जातो. शिक्षणाच्या दाराबाहेर राहिलेल्यांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाला हे नाव शोभतं. 2018 मध्ये जेरी पिंटो यांनी पहिल्या कथासंग्रहाचा इंग्रजी अनुवाद केला आणि पंचावन्न वर्षांनी ही गोष्ट देशभरच्या नव्या वाचकांपर्यंत गेली. मराठी येत नसलेली माणसं आता काशिनाथ सपकाळेला ओळखतात. बागुलांच्या गावशेजारच्या लोकांनी त्याला ओळखायचं राहून जाऊ नये.

7. आडनाव

तिसऱ्या घराच्या टोकनचे हजार रुपये आम्ही दुसऱ्या दिवशी परत आणले. मालकाला मी खरं सांगितलं, पोराचं आडनाव माझं नाही आणि काल गप्प राहिलो ही चूक माझी. त्यानं पैसे मोजून दिले आणि तो एवढंच म्हणाला की घरात आई आहे, तिला चालणार नाही. तोही वाईट माणूस नव्हता. उधन्याचा रामचरणही नव्हता.

पोराला मी ते पुस्तक वाचायला दिलं. देताना मनात धास्ती होती, जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल का? त्यानं दोन दिवसांत परत आणून दिलं. कुठला भाग आवडला विचारलं तर म्हणाला, “काशिनाथची नोकरी गेली, पण त्याला रात्री झोप लागत असणार.” मग थोडं थांबून म्हणाला, “काका, त्या दिवशी तुमचं आडनाव लावलं ना, तेव्हा आजोबा डोळ्यांसमोर आले होते.”

त्यानंतर खोल्या बघायला तो एकटाच जायचा. त्यानं एक पद्धत ठरवून घेतली होती. बेल वाजवायची, दार उघडलं की आधी पूर्ण नाव सांगायचं, आडनावासकट, मोठ्यानं. मग गाव सांगायचं. भाडं किती हे शेवटी विचारायचं. चार दारं लागलीच बंद झाली, एका ठिकाणी चहा मिळाला आणि खोली मिळाली नाही.

सहाव्या घरच्या आजींनी त्याचं पूर्ण नाव ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं. पण पाणी सकाळी साडेपाचला येतं, उठशील का?”

जुलैपासून तो तिथं राहतो. साडेपाचला उठतो आणि आजींच्या दोन कळशा आधी भरून देतो.